हरताळकेच्या दिवशीचे उंदीर

नाशिकची हवा तेव्हा थंड होती. हे वाक्य म्हातारी माणसं म्हणतात आणि पोरं हसतात. हसोत बापडी, पण खरंच थंड होती. दिवाळी सरली की सिंधू पगारे स्वेटर चढवून नाशिकरोडहून सिटी बस पकडायची, सीबीएस स्टँडला उतरायची आणि तिथून गंगापूर रोडनं चालत निघायची. दोन्ही हातांना द्राक्षांचे मळे, मध्येच एखादा बंगला, सायकलींची घंटी आणि कुठंतरी मोटेच्या जागी नव्यानं आलेल्या पंपाची फटफट. कॉलेज आलं हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळायचं. ईथरचा गोडसर वास आणि त्यात मिसळलेला उंदरांच्या मुताचा उग्र दर्प. नव्या माणसाला भडभडून यायचं. सिंधूला मात्र पुढं आयुष्यभर कुठंही तो वास आला की माहेरी आल्यासारखं वाटायचं. आता याला काय म्हणावं!

कॉलेज फार्मसीचं. मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती, तिला सगळे 'ॲनिमल हाऊस' म्हणायचे. आत पांढऱ्या उंदरांचे पिंजरे, एक लाकडी टेबल, एक भट्टी, आणि या सगळ्याचा राखणदार सहादू. सहादू सिन्नरकडचा, कपाळाला बुक्का, तोंडात सदा कसलंतरी पुटपुटणं. आणि या खोलीचे राजे म्हणजे यादव सर.

सर उंच, काटक, बुशशर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्यांचे वडील पेठकडं डोंगरात मास्तर होते. तिथं कोणाचा गुडघा सुजला, कोणाचा घोटा सुजला, की माणसं एका झाडाची मुळी उगाळून द्यायची आणि सूज उतरायची. त्या मुळीचं नाव इथं मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की उद्या कोणीतरी ती उगाळून डोक्याला थापील आणि मग माझ्या नावानं शिमगा होईल. तर सरांच्या डोक्यात पोरपणापासून एकच भुंगा शिरलेला. गुडघ्याची सूज उतरते, तर मेंदूची का नाही? डोक्याला मार बसला की मार लागल्या क्षणी जेवढं बिघडतं, त्याहून जास्त नंतर बिघडतं. मेंदू सुजतो, आणि कवटी काही रबराची नाही. आतल्या आत दाबला जाऊन माणूस जातो. ही सूज कोणी रोखली तर माणसं वाचतील, असं सरांचं म्हणणं. उभा जन्म त्यांनी त्या मुळीच्या अर्कावर घालवला होता.

सिंधू त्यांच्या हाताखाली आली ती एका दिवाळीनंतर. पगाऱ्यांच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. वडील लवकर गेले. आई लंकाबाईनं बिड्या वळून दोन पोरं वाढवली, एक सिंधू आणि दुसरा काळू. शाळेच्या दाखल्यावर काळूचं नाव वेगळं होतं, पण ते खुद्द काळूलाही आठवायला वेळ लागायचा.

काम सांगायला सोपं होतं. उंदराला ईथर द्यायचा, तो गुंगला की त्याचं डोकं एका पितळी नळीखाली ठेवायचं आणि नळीतून वजन सोडायचं. वजन म्हणजे काय, तर गवंड्याचा ओळंबा! परदेशातनं यंत्र मागवायची कॉलेजची ऐपत कुठली? नळी सातपूरच्या एका लेथवाल्यानं करून दिली, ओळंबा भद्रकालीच्या बाजारातून आणला. पहिल्या दिवशी सिंधूचा हात लटलट कापला.

"हात कापू देऊ नको," सर म्हणाले. "हात कापला की मार वेडावाकडा बसतो आणि ते जनावर फुकट हाल सोसतं. दया करायची असेल तर नेमका मार."

सिंधू नेमका मार द्यायला शिकली. त्या दिवशी घरी जाऊन जेवली मात्र नाही.

मार दिला की अर्ध्या उंदरांना मुळीचा अर्क पाजायचा आणि अर्ध्यांना नुसतं डिंकाचं पाणी. ओळखायला म्हणून पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका लावायचा. औषधवाल्यांच्या पाठीवर, पाणीवाल्यांच्या शेपटीवर. त्यामुळं त्यांना खोलीत नावंच पडली होती, पाठवाले आणि शेपटीवाले. दुसऱ्या दिवशी दोघांनाही दोन स्टुलांवर आडव्या टाकलेल्या लाकडी पट्टीवर चालवून बघायचं. मार बसण्याआधी सगळ्यांना ती पट्टी चालायला शिकवलेलीच असे. मग त्यांना मारायचं, मेंदू काढायचा, वजन करायचं, भट्टीत सुकवायचा, परत वजन करायचं. जेवढं पाणी उडालं तेवढी सूज.

आणि काय सांगू, निकाल काय सुरेख यायचे! शेपटीवाले पट्टीवरून धपाधप पडायचे, मेंदू पाण्यानं टरारलेले. पाठवाले ऐटीत चालत जायचे, मेंदू जवळजवळ धडधाकट. दर खेपेला तेच. सर चहाचा कप हातात घेऊन भट्टीपाशी उभे राहायचे आणि लहान मुलासारखे हसायचे. येत्या हिवाळ्यात मुंबईला मोठी परिषद होती, तिथं सर हे सगळं मांडणार होते. सिंधूही घरी बढाई मारायला चुकत नव्हती.

"आई, आमचं औषध मेंदूची सूज उतरवतं," ती म्हणायची.

"उतरवंल, उतरवंल," लंकाबाई बिडी वळता वळता म्हणायची. "माझं डोकं दुखतं त्येला दे काईतरी आधी."

काळू हसून लोळायचा. काळू पेंटर. द्वारका चौकात ट्रान्सपोर्टवाल्यांच्या पाट्या आणि ट्रकच्या पाठी रंगवायचा. हात असा की न आखता ओळ सरळ. मालेगावचे ट्रकवाले त्याच्यासाठी गाडी थांबवून बसायचे. "ताई, तुझ्या उंदरांच्या पाटीवर लिहून देऊ का, 'फिर मिलेंगे'?" असं तो म्हणायचा आणि तिच्या धपाट्याच्या आधी दाराबाहेर.

अठ्ठ्याहत्तर सालचा भाद्रपद आला. पण तो आलाय हे सिंधूला कळायचं कसं? छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून पगाऱ्यांच्या घरात गणपती नाही, हरताळका नाही, मोदक नाहीत. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात सुट्ट्या बघायच्या एवढाच त्याचा उपयोग. आणि त्या ॲनिमल हाऊसचा एक रिवाज होता, जो सगळ्यांना इतका पाठ होता की कोणाला तो तिला सांगायचं सुचलंच नाही. गणपती बसले की अनंत चतुर्दशीपर्यंत तिथं एकाही उंदराच्या केसाला धक्का लावायचा नाही. गणपतीचं वाहन ते! म्हणून हरताळकेच्या आधीच काम आवरतं घ्यायचं. सिंधूचा हा तिथला पहिलाच भाद्रपद.

हरताळकेच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सुमनबाई उपासाच्या म्हणून घरी. सहादू गणपतीची मूर्ती आणायला गेलेला. सर मीटिंगला. सिंधूला वाटलं, वा, आज शांतता आहे. तिनं आख्खी बॅच काढली, सगळ्यांना नेमका मार दिला, ठिपके लावले, औषध पाजलं, पाणी पाजलं आणि हात धुऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर तिच्या टेबलावर शाडूचा गणपती! मागं फिल्टर पेपरच्या फुलांची आरास, पुढं समई, आणि सहादू नवं धोतर नेसून.

"सहादूभाऊ, टेबल रिकामं करा. मेंदू काढायचेत."

सहादूच्या हातातलं तबक पडता पडता राहिलं. "काय काढायचंय? आज? त्येच्या म्होरं, त्येच्याच उंदराचं? बाई, डोकं ठिकानावर हाय का तुमचं?"

"मार काल दिलाय. आजच काढायला हवेत."

"काल दिलाय? हरताळकेला?" सहादूनं कपाळाला हात लावला. "अवो, कोनी सांगितलं न्हाई का तुम्हाला?"

प्रकरण सरांकडं गेलं. सर कर्मकांड मानणारे नव्हते, पण सहादूचं मन ते मोडत नसत. त्यांनी पिंजऱ्याकडं बघितलं, सिंधूच्या फुगलेल्या तोंडाकडं बघितलं आणि हसू दाबत म्हणाले, "बॅच वाया गेली म्हणायची. राहू दे. पाळ त्यांना आता विसर्जनापर्यंत. औषध मात्र रोजच्या रोज चालू ठेव, हाताची सवय मोडायला नको."

सिंधूला राग राग आला. एवढी मेहनत मातीत! पण करते काय? रोज सकाळ-संध्याकाळ आरती व्हायची, ती मागं दाराशी उभी राहायची, टाळ्या वाजवायची नाही, खिरापत मात्र खायची. सहादू तिच्या हातावर मुद्दाम दुप्पट खोबरं ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या, उंदरं वाचवल्याचं पुन्य." एकदा तर त्यानं पिंजऱ्यातही खिरापत टाकली, त्यावरून सिंधू त्याच्यावर केवढी ओरडली! आज ते आठवलं तरी हसू येतं. तशी गंमत, तसा गोंगाट, तसा पत्र्यावर तडतडणारा पाऊस पुढं त्या खोलीला कधी लाभला नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत शेपटीवाल्यांपैकी दोन मेले. बाकीचे कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेले. पाठवाले सगळे ठणठणीत. सिंधूनं बघितलं आणि मनात म्हणाली, नवीन काय त्यात? पुढं तिनं त्यांच्याकडं नीट बघणंच सोडलं. दाणापाणी टाकायचं, औषध पाजायचं, आणि पाठ फिरवायची.

गौरी जेवल्या त्या दिवशी दुपारी द्वारकेवर काळू शिडीवरून पडला.

एका ट्रान्सपोर्टची नवी पाटी रंगवत होता. उंचावर शेवटचं अक्षर राहिलं होतं. पावसानं फरशी ओली, शिडी सटकली आणि डोकं फुटपाथच्या दगडावर. चार हमालांनी उचलून सरकारी दवाखान्यात आणला. सिंधू पोचली तेव्हा लंकाबाई खाटेच्या पायाशी जमिनीवर बसली होती आणि काळू खाटेवर, नाकात नळी, एक डोळा सुजून बंद, श्वास घोरल्यासारखा. तो श्वास सिंधूला माहीत होता. पिंजऱ्यात रोज ऐकलेला होता.

डॉक्टर भले होते. त्यांनी काही लपवलं नाही. "मेंदूला सूज आहे. मुंबईला हलवावं तर वाटेतच काही व्हायचं. आम्ही आमचे उपाय करतोय. येते काही दिवस काढले तर आशा आहे."

लंकाबाईनं एवढंच ऐकलं, सूज. ती ताडकन उठली आणि तिनं सिंधूचा दंड धरला.

"सिंधे! सूज म्हनला त्यो! तुमची दवा सुजंचीच हाय ना? जा, घिऊन ये!"

सर स्वतःच आले संध्याकाळी. बातमी कळल्यावर पावसात सायकलवर आले बिचारे, बुशशर्ट अंगाला चिकटलेला, पिशवीत अर्काची बाटली. डॉक्टरांशी बोलले. डॉक्टर म्हणाले, "सर, तुमचं औषध माणसाला दिलेलं मला माहीत नाही. पण माझ्याकडंही फार काही नाही. घरच्यांनी ठरवावं." सरांनी बाटली सिंधूच्या हातात ठेवली.

"दे त्याला. जबाबदारी माझी. सकाळी कॉलेज उघडलं की वजनानुसार मात्रा काढ आणि नळीतून दे."

लंकाबाई सरांच्या पाया पडायला वाकली. सर संकोचून मागं सरले.

सकाळी सिंधू मात्रा काढायला ॲनिमल हाऊसमध्ये गेली. तराजू तिथंच होता. अर्क तोलला, डिंकाच्या पाण्यात खलला, बाटलीत भरला. निघणार एवढ्यात तिला वाटलं, एकदा बघून तरी जावं. कशासाठी वाटलं, तिलाच ठाऊक नाही. मनाला धीर यावा म्हणून असेल. पाठवाले पट्टीवर ऐटीत चालताना बघितले असते तर पाऊल हलकं झालं असतं. तिनं एक पाठवाला उचलला आणि पट्टीवर ठेवला.

तो दोन पावलं गेला आणि घसरला.

तिनं त्याला परत ठेवला. तो गोल फिरला, जिथून आला तिथंच तोंड करून बसला आणि पडला. तिनं दुसरा काढला. तो चाललाच नाही. पट्टी म्हणजे काय हेच विसरल्यासारखा थरथरत उभा राहिला. तिसऱ्याचं मागचं पाऊल ओढत होतं. पहिल्या दिवसांत हेच ठणठणीत होते! मग तिनं एक शेपटीवाला काढला. मेल्यागत पडून असायचा तो. तो पट्टीवर थांबला, नाक हलवलं आणि अडखळत, एका बाजूला झुकत, पण पार दुसऱ्या स्टुलापर्यंत चालत गेला. त्याच्यामागनं दुसरा. त्याच्यामागनं तिसरा.

दुसऱ्या दिवसापुढं कोणी कधी बघितलंच नव्हतं. बघणार कसं? दुसऱ्या दिवशी सगळे मारलेच जायचे.

सर आले तेव्हा ती परत परत तेच करत होती. तिनं सरांसमोर एक पाठवाला चालवला, मग एक शेपटीवाला. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. स्वतःच्या हातानं सगळे उंदीर एकेक करून पट्टीवर ठेवले. मग ते गणपतीच्या टेबलाला टेकून उभे राहिले. त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

"सूज म्हणजे शत्रू, असं मी धरून चाललो," ते म्हणाले. "ती काही काम करायला येत असेल, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. पोरपणापासून नाही आलं."

"सर, काळूला..."

"काल 'दे' म्हणालो. आज तसं म्हणवत नाही." सर परत पिंजऱ्याकडं वळले. "आणि 'देऊ नको' कोणत्या तोंडानं म्हणू? औषधाविना दोन मेलेत, सिंधू. तो त्या दोघांतला निघाला तर? मला कळत नाही. खरंच कळत नाही मला."

बाटली घेऊन सिंधू परत निघाली. शालिमार चौकापाशी आरास बघणाऱ्यांची झुंबड, लाउडस्पीकर, फुगेवाले, आणि ती त्या गर्दीतून बाटली पदराखाली धरून चाललेली. दिलं तर आजची सूज उतरेल. डोळे उघडेल. आई हसेल. आणि मग? पाठवाले काही नुसते लंगडत नव्हते, ते दिवसागणिक खाली खाली चालले होते, आणि कुठं जाऊन थांबतील हे सांगणारं जगात कोणी नव्हतं. न दिलं तर कदाचित आजच... पुढचं तिला मनातही म्हणवेना. भर रस्त्यात तिला रडू फुटलं. कोणीतरी बाई म्हणाली, "काय गं, पाकीट मारलं का?" तिनं मान हलवली आणि चालत राहिली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लंकाबाई वाटच बघत होती. "आनली?"

"आणली. पण देणार नाही, आई."

लंकाबाईला आधी कळलंच नाही. मग तिचे डोळे बारीक झाले. "का?"

सिंधूनं सगळं सांगितलं. पाठवाले, शेपटीवाले, पट्टी. साध्या शब्दांत, एकही गोष्ट न गाळता. "आणि हेही ऐक. औषधाविना दोन उंदीर मेले. औषधवाला एकही मेला नाही. तेही खरंच आहे."

"म्हंजी दवा दिली की जगतंय!"

"जगतंय. पण पुढं बिघडत जातंय. माझ्या डोळ्यांनी बघून आले मी."

"पुढचं पुढं बघू की गं! आधी डोळं तर उघडू दे पोराला!"

याचं उत्तर कोणाकडं असेल तर त्यानं येऊन सांगावं. सिंधू एवढंच म्हणाली, "नाही आई. माझा हात नाही धजणार."

"उंदरांना पाजाया हात धजला," लंकाबाई हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "जनावरांला दिलीस, भावाला नाय." आणि ती खाटेकडं तोंड करून बसली. मग तिनं सिंधूकडं बघितलं नाही.

ते दिवस कसे गेले ते विचारू नका. श्वास अडायचा, सिंधूचं काळीज थांबायचं, श्वास परत चालू व्हायचा. बाटली तिच्या पिशवीत होती. अगदी वाईट दुपारी दोनदा तिचा हात पिशवीत गेला आणि दोनदा मागं आला. आईच्या पाठीकडं बघत ती बसून राहायची. विसर्जनाच्या दिवशी लांबून ढोल ऐकू येत होते, तेव्हा काळूनं बोट हलवलं. दुसऱ्या सकाळी डोळा उघडला, आईकडं बघितलं आणि म्हणाला, "शिडी."

पुढं कित्येक महिने तो प्रत्येक गोष्टीला शिडीच म्हणत होता. पाणी हवं, शिडी. भाकर, शिडी. ताईसुद्धा शिडी. सिंधू हसायची, न्हाणीत जाऊन रडायची आणि परत येऊन शिकवायला बसायची. उजवा हात लुळा होता. व्हरांड्यात खडूची रेघ मारून ती त्याला चालवायची. एकेक शब्द परत आला, एकेक बोट परत आलं, पण उशिरानं, आणि सगळं नाही आलं. वर्ष उलटून गेल्यावर त्यानं ब्रश धरला. अक्षरं उजवीकडं कलायची, कितीही आखली तरी. ट्रकवाल्यांना त्याचंही कौतुक! "तिरक्या पेंटरकडून लिहून घेऊ," म्हणायचे. ऐंशीच्या पुढं द्वारकेवर उभं राहिलं की झुकलेल्या अक्षरांची एखादी तरी पाटी दिसायचीच, आणि बघणाऱ्याला वाटायचं ही काहीतरी नवी फॅशन आहे.

सर मुंबईच्या परिषदेला गेले नाहीत. त्यांनी नव्यानं बॅचा लावल्या, आणि आता उंदरांना पुष्कळ दिवस जगवून मग बघायला सुरुवात केली. पुन्हा तेच. सूक्ष्मदर्शकाखाली कळलं ते असं, की मार बसला की मेंदूत मेलेल्या पेशींचा कचरा साचतो, आणि सुजेबरोबर ज्या पेशी धावून येतात त्या तो कचरा उचलतात. सरांचं औषध रोज पाजलं की झाडूवाल्यांनाच घरी बसवायचं. शेपटीवाल्यांचे मेंदू झाडून काढल्यासारखे, पाठवाल्यांत सगळा राडा तसाच. सुरुवातीचा एखादा दिवसच औषध द्यावं आणि मग थांबावं, असं काही जमेल का, हे सर निवृत्त होईपर्यंत शोधत होते. जमत आलं होतं, पुरतं जमलं नाही. त्यांनी सगळं खरं खरं लिहून छापलं. फार कोणी वाचलं नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी त्या खोलीत सगळ्यांना चहा पाजला, सहादूच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळे पुसत सायकलवर बसले. पुढं कॉलेजची नवी इमारत झाली, पत्र्याची खोली पाडली, मळ्यांच्या जागी सोसायट्या आल्या. सिंधू तिथंच लेक्चरर झाली. नव्या ॲनिमल हाऊसला पंखे होते, फरशी होती. त्या जुन्या खोलीसाठी तिचा जीव मात्र तुटायचा.

आणि लंकाबाई? लंकाबाई तिच्याशी बोलत होती. म्हणजे, जेवायला वाढलंय, बस आली नाही, रॉकेल संपलंय, एवढं. त्या व्हरांड्यातल्या गोष्टीवर एक अक्षर नाही. पण काळूच्या हातून कप निसटला, पायरीवर पाऊल अडलं, की ती भिंतीकडं बघून म्हणायची, "दवा असती तर..." पुढं काही नाही. काळू वैतागायचा, "आई, गप की!" सिंधू उठून आत जायची. वर्षं गेली तशीच. तिला पटवून द्यावं असं सिंधूला शंभरदा वाटलं. पण काय पटवून देणार? काळूला औषध दिलं असतं तर काय झालं असतं, हे त्या सगळ्या उंदरांनाही सांगता आलं नसतं.

शहाऐंशी साल असेल. रविवार होता, चुलीवर भात होता, काळू कामावर. शेजारची सखुबाई धावत आली, पायात चप्पल नाही. तिचा मल्हारी परांचीवरून पडला होता. डोक्याला मार, शुद्ध नाही.

"सिंधूताई!" तिनं सिंधूचे पायच धरले. "तुमच्या कालेजात मेंदवाची दवा हाय म्हनत्यात. सुजंची. माझ्या पोराला द्या वो! काय बी करा, द्या!"

आठ वर्षांपूर्वीचा व्हरांडा सिंधूच्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि तिला वाटलं, पुन्हा नाही, पुन्हा नाही हे मला सोसणार. ती वाकून सखुबाईला उठवू लागली, आणि कोपऱ्यातून लंकाबाईचा आवाज आला.

"सखू, पाय सोड तिचं. न्हाई देनार ती."

सखुबाईनं वळून बघितलं.

"माझ्या पोराला बी नाय दिली तिनं," लंकाबाई म्हणाली. ती गुडघ्यावर हात रोवून उठत होती. "हातात बाटली हुती. मी पाया पडायची बाकी ऱ्हायले. नाय दिली. तिनं बरं केलं का वाईट केलं, मला आजबी ठाव नाय. पर दोन मेल्याली उंदरं बी तिनं लपवली न्हाईत माझ्यापून. खोटं बोलून माझं मन राखाया आलं असतं तिला. तसं नाय केलं."

तिनं दाराशी पडलेल्या चपला पायात सरकवल्या आणि सखुबाईचा हात धरला.

"चल. मी येते संगं. लय दिवस लागत्यात ह्याला, आन एकटीनं बसवत नाय."

उंबऱ्याशी तिनं मागं वळून बघितलं, सरळ सिंधूच्या तोंडाकडं, कितीतरी वर्षांनी.

"भात उतरव गं, करपतोय," ती म्हणाली. "आन झालं की तू बी ये. डागतर काय बोलंल ते आमाला कुटं समजायचं."

सिंधूनं भात उतरवला. मग ती चुलीपुढं बसून हमसाहमशी रडली, तोंडावर पाणी मारलं, दाराला कडी घातली आणि दवाखान्याच्या वाटेला लागली.